रिकामी चौकट

मंगळवार, रात्री उशिरा

झोप येत नाही म्हणून दिवा लावून बसले आहे. दुपारच्या मीटिंगमधलं एक वाक्य डोक्यातून जात नाही. "तिच्याच वेळचं काहीतरी राहून गेलं असणार."

ती नोकरी सोडून गेली त्याला आता अडीच महिने होतील. तिच्या जागेवर दुसरा मुलगा बसतो, ड्रॉवरची किल्लीही त्याच्याकडे आहे. तरी आज सापडलेली चूक तिच्या खात्यावर मांडली गेली आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलली.

चार महिन्यांपूर्वीचं आधी लिहून काढते. मनात नुसतं घोळवत राहिलं की माणूस सोयीने त्यात फेरफार करत जातो.

वार्षिक अहवाल छापून आला आणि पान ३२ वरच्या तक्त्यात या वर्षीचे आकडे गेल्या वर्षीच्या रकान्यात, गेल्या वर्षीचे या वर्षीच्या. सगळ्या प्रती बांधून झाल्या होत्या. सरांनी आम्हा सगळ्यांना आत बोलावलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सरांनी अहवाल उघडून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि विचारलं, "हे कुणाच्या नजरेतून सुटलं?" खरं उत्तर 'आमच्या सगळ्यांच्या' असं होतं, पण कुणाच्याच तोंडून ते फुटेना. मग कुणीतरी अगदी हळू आवाजात म्हणालं, "प्रुफं तर तीच बघते."

त्यानंतरची दोन-तीन मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात. एकाला आठवलं की मागच्या आठवड्यात ती दोनदा उशिरा आली होती. दुसरी म्हणाली, तिचं लक्षच नसतं हल्ली. तिसरा म्हणाला, "मी बोलणारच होतो, पण म्हटलं नवीन आहे, सांभाळून घेऊ." एरवी एकमेकांचं तोंडही न बघणारी माणसं एकमेकांची वाक्यं पुरी करत होती. ती इतकंच म्हणाली, "ते पान माझ्याकडे आलं नव्हतं." तेही एकदाच. तिचं बोलणं संपायच्या आत दुसरं कुणीतरी बोलायला लागलं होतं.

आणि मग खोली सैल झाली. याला दुसरा शब्द मला सुचत नाही. सर खुर्चीत मागे रेलले. पुढचा विषय निघाला. कुणीतरी कशावरून तरी हसलंसुद्धा. मला बरं वाटलं. हे लिहिताना हात जड होतोय, पण भीतीने गप्प बसले होते असं आज म्हणणं खोटं ठरेल. भीती त्या वाक्याच्या आधी होती. नंतर नुसतं हायसं वाटत होतं, अंगावरची ओली शाल कुणीतरी काढून घ्यावी तसं.

दीड महिन्याने तिने राजीनामा दिला. निघताना सगळ्यांना भेटून गेली.

आज सहामाही अहवालाचा मसुदा आला. तोच तक्ता, तेच रकाने, तीच अदलाबदल.

बुधवार

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन फायलींचं कपाट उघडलं. आमच्याकडे शेवटच्या प्रुफाच्या प्रत्येक पानाखाली पाच चौकटी छापलेल्या असतात. पान ज्याने पाहिलं त्याने आपल्या चौकटीत छोटी सही करायची. पान ३२ काढलं. आकडे पुरवणाऱ्याची सही निळ्या शाईत, मांडणी करणाऱ्याची काळ्या. तिसरी माझी, हिरव्या शाईत. पाचवी सरांची.

चौथी चौकट रिकामी. ती तिची.

आकडे आदल्या संध्याकाळी बदलून आले होते, पान नव्याने लावलं गेलं होतं. छापखान्याची घाई, म्हणून ते तिच्या टेबलाला वळसा घालून परस्पर पुढे गेलं. मी सही केली तेव्हा ती रिकामी चौकट माझ्या बोटाला लागून होती. वाटलं होतं, माझ्यानंतर तिच्याकडे जाईल. मग मीटिंगमध्ये ती बोलली तेव्हा मला ती चौकट आठवली होती का? आठवली होती. अगदी स्वच्छ.

म्हणजे पाच जणांत जिने ते पान पाहिलंच नव्हतं तिच्या डोक्यावर आम्ही खापर फोडलं.

तक्त्याचा मूळ साचाही उघडून पाहिला. रकान्यांचा क्रम जुना आहे. आकडे नव्या क्रमाने येतात आणि जुन्या साच्यात चिकटवले जातात. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली असती. पण चार महिने तो साचा कुणी उघडलाच नाही, कारण चूक कुठे आहे ते आम्हाला 'कळलं' होतं.

कपाटातच एक जुनी मेल छापून लावलेली सापडली. तिची. रुजू झाल्यावर महिन्याभरातली. 'शेवटच्या क्षणी बदललेली पानं मला दाखवल्याशिवाय छपाईला जाऊ नयेत.' तेव्हा आम्ही त्यावर काय बोललो होतो तेही आठवलं. नवीन आहे आणि नियम शिकवतेय.

बुधवार, रात्री

'बळीचा बकरा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुरी येते. पण बायबलच्या जुन्या करारात, लेवीयच्या सोळाव्या अध्यायात हा विधी आहे, तिथे बकरे दोन आहेत. चिठ्ठ्या टाकून एक बळी द्यायचा. दुसरा जिवंत ठेवायचा, मुख्य याजकाने त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून साऱ्या लोकांची पापं कबूल करायची आणि मग त्याला रानात सोडून द्यायचं. इंग्रजीतला 'स्केपगोट' हा शब्द विल्यम टिंडेलने १५३० साली बायबलचा अनुवाद करताना या दुसऱ्या, सुटून गेलेल्या बकऱ्यासाठी घडवला. मी थांबले ती त्या कबुलीपाशी. पापं आपली आहेत हे तिथे आधी उच्चारायचं होतं. बकऱ्याने काही केलंय असं कुणी मानत नव्हतं. आमच्या खोलीत बकरा होता, हात ठेवणं होतं, रानात सोडणंही झालं. कबुली तेवढी झाली नाही, आणि ती नसल्यामुळे बकराच दोषी आहे असं मानणं आम्हाला भाग पडलं.

रेने जिरार या फ्रेंच विचारवंताने (१९२३–२०१५) आयुष्याचा मोठा भाग या एका गोष्टीचा माग काढण्यात घालवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गटातली माणसं एकमेकांवर उठायच्या बेतात असली की सगळ्यांचा राग एकाकडे वळतो. तो एक गेला की खरोखर शांतता पसरते. आणि ती शांतताच त्याच्या अपराधाचा पुरावा वाटू लागते. बघा, तो गेला आणि सगळं ठीक झालं. हे सारं चालतं ते फक्त करणाऱ्यांना आपण काय करतोय ते दिसत नाही तोवर. वाचताना मला आमची ती सैल झालेली खोली दिसत होती.

बळी कोण होतो, यावरही तो बोलतो. अगदी परका चालत नाही, कारण त्याचा आपल्या दुखण्याशी संबंध जोडता येत नाही. अगदी जवळचाही चालत नाही, कारण त्याच्या बाजूने कुणीतरी उभं राहतं. आत असलेला, पण ज्याच्यामागे कुणी नाही असा लागतो. आठ महिने झालेली, कमी बोलणारी, मधल्या सुट्टीत एकटी बसणारी, आणि वर नियम दाखवून आम्हाला अवघड वाटायला लावणारी मुलगी.

आपल्याकडे 'वड्याचं तेल वांग्यावर' म्हणतात. येल विद्यापीठातल्या जॉन डोलार्ड आणि सहकाऱ्यांनी १९३९ साली हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली. ज्याच्यामुळे अडलं त्याच्यावर हात टाकता येत नाही, तेव्हा राग हाताशी असलेल्या दुबळ्यावर निघतो. पटण्यासारखं आहे, पण आमच्या बाबतीत पुरत नाही. आम्ही रागावलेलो नव्हतो. आम्ही प्रत्येक जण मनातून ओळखून होतो की यात आपलाही हात आहे, आणि चूक नेमकी कशी झाली ते कुणालाच सांगता येत नव्हतं. झॅकरी रॉथ्सचाइल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रयोगांतून याच दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. एक, आपला अपराधीपणा दुसऱ्यावर टाकण्याची गरज. दुसरी, कारण समजत नसताना सगळं हाताबाहेर गेल्यासारखं वाटतं, तेव्हा काहीतरी एक कारण पक्कं धरण्याची गरज. त्या दिवशी खोलीत दोन्ही गरजा एकदम होत्या आणि दोन्ही एकाच नावाने भागल्या.

हे लहान गटात चालतं तसंच शहरभर चालतं. १३४८–४९ मध्ये युरोपात प्लेग पसरत होता. ज्यूंनी विहिरींत विष कालवलं अशी अफवा उठली. स्ट्रासबर्ग शहरात नगरसभेतली काही मंडळी ज्यूंना संरक्षण देऊ पाहत होती, त्यांना आधी पदावरून दूर केलं गेलं. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शेकडो ज्यूंना जाळून मारलं. तेव्हा त्या शहरात प्लेग आलेलाच नव्हता. पुन्हा लिहिते, आलेलाच नव्हता. तो नंतर आला. ज्यूंकडून घेतलेली कर्जं मात्र माफ झाली आणि त्यांची रोकड कारागिरांत वाटली गेली. तर्क कुणी सांगितला नव्हता असंही नाही. पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ मध्येच बजावलं होतं की ज्यूही याच रोगाने मरताहेत आणि जिथे ज्यू राहतच नाहीत तिथेही हा रोग आहे. ऐकलं नाही. प्लेगचा जंतू अलेक्झांडर यर्सिनला १८९४ साली सापडला, साडेपाचशे वर्षांनी.

आणि त्या विहिरी परत येतात. १ सप्टेंबर १९२३ला जपानमध्ये टोकियो-योकोहामा भागात मोठा भूकंप झाला, आगी लागल्या, लाखभर माणसं गेली. काही तासांत बातमी फिरली की कोरियन लोक आगी लावताहेत, विहिरींत विष टाकताहेत. हातात मिळेल ते घेऊन टोळकी रस्त्यावर उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ठरावीक जपानी शब्द म्हणायला लावायचे आणि उच्चार चुकला की मारायचं. हजारो कोरियन मारले गेले, त्यांच्याबरोबर चिनी आणि चुकून कोरियन समजले गेलेले जपानीही. जमीन का हलली याचा जाब जमिनीला विचारता येत नव्हता, हे मला समजतं. तहानेने व्याकूळ झालेल्या शहरात पाण्याविषयी भीती वाटणंही समजतं. त्या भीतीला शेजाऱ्याचा चेहरा इतक्या लवकर कसा मिळतो, त्यापाशी माझं मन अडतं. काही तास! आम्हाला तर एक वाक्य पुरलं.

माझ्या पान ३२ ला या कत्तलींच्या शेजारी बसवणं बरोबर आहे का, हे मी बराच वेळ स्वतःला विचारत होते. परिणामात काही तुलनाच नाही. एकीकडे माणसं जिवंत जाळली गेली, दुसरीकडे एका मुलीची नोकरी गेली. पण मला जे हायसं वाटलं, ते वेगळ्या जातीचं होतं असं मी म्हणू शकत नाही.

गुरुवार

आज ऑफिसात दिवसभर पान ३२ बॅगेत होतं. दोनदा सरांच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

एक गोष्ट काल लिहायची राहिली. ती गेल्यानंतर आम्ही तिच्याविषयी जास्तच वाईट बोलू लागलो. ती होती तेव्हा 'शांत आहे' म्हणायचो, नंतर ती 'घुमी' झाली. 'बारकाईने बघते'चं 'कीस काढते' झालं. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांचा १९६६ सालचा एक प्रयोग आहे. एका स्त्रीला विजेचे झटके बसताना विद्यार्थिनींना बघायला लावलं होतं. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. ज्यांना तिची सुटका करता येत होती त्यांनी ती केली. ज्यांच्या हातात काही नव्हतं आणि ज्यांना तिचे हाल पुढेही चालणार असं वाटत होतं, त्या तिलाच कमी लेखू लागल्या. जग न्यायाने चालतं हा विश्वास टिकवायचा तर जिचं वाईट झालं ती त्याच लायकीची होती असं मानावं लागतं. आम्ही तिला घुमी म्हणायला लागलो ते तिच्या स्वभावामुळे नव्हतं. आम्ही तिचं काय केलं होतं, त्यामुळे होतं.

संध्याकाळी ड्रेफसविषयी वाचत होते. शाळेत असताना नाव ऐकलं होतं, तपशील आता कळले. आल्फ्रेड ड्रेफस, फ्रेंच सैन्यातला ज्यू अधिकारी. १८९४ साली, म्हणजे यर्सिनला जंतू सापडला त्याच वर्षी, जर्मनांना गुपितं पुरवल्याच्या आरोपावरून दोषी ठरला. ५ जानेवारी १८९५ रोजी सैनिकी शाळेच्या आवारात रांगा लावून उभ्या केलेल्या सैनिकांसमोर त्याची पदचिन्हं उपटली, तलवार मोडली. तलवार पटकन मोडावी म्हणून ती आधीच कापून ठेवली होती आणि चिन्हांची शिवण उसवून ठेवली होती. हा तपशील वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. आदल्या रात्री कुणीतरी दिव्याखाली बसून शिवण उसवली असेल. आमच्या मीटिंगआधीही अशी उसवणं झाली असणार, छोट्या छोट्या शेऱ्यांनी. त्यातली काही माझ्या हातची.

ड्रेफस दूरच्या बेटावर कैदेत असताना १८९६ साली गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख जॉर्ज पिकार याला कळलं की ज्या कागदावरून ड्रेफसला शिक्षा झाली त्यावरचं अक्षर दुसऱ्याच अधिकाऱ्याचं आहे, एस्टरहाझीचं. खरा माणूस मोकळा होता आणि इतकी वर्षं कुणी शोधत नव्हतं. पिकारने वरिष्ठांना सांगितलं. त्याचीच बदली झाली, पुढे तुरुंगवासही भोगावा लागला. ड्रेफस पूर्ण निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं. मला धरून ठेवलं ते आणखी एका गोष्टीने. पिकारला ज्यूंविषयी प्रेम नव्हतं, त्याच्या काळातले पूर्वग्रह त्याच्यातही होते. तरी अक्षर कुणाचं आहे या मुद्द्यावर तो हटला नाही. मला ती फारशी आवडत नव्हती, हे मी इथे मांडून ठेवते. चार महिने मी हीच सबब वापरली. आपली तिच्याशी मैत्री नव्हती, मग आपण कशाला मध्ये पडायचं. चौकट रिकामी होती की भरलेली, याला आवडनिवड लागत नाही.

झोपण्यापूर्वी एवढंच. सॉलोमन अ‍ॅशच्या १९५१ च्या प्रयोगांत माणसं रेघांची लांबी सांगायची. बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे, आणि खरी परीक्षा असलेला एकटा माणूस जवळपास एक तृतीयांश वेळा डोळ्यांनी दिसणारं सोडून त्यांच्यामागे जायचा. पण त्या गटात बरोबर उत्तर देणारा एकच साथीदार बसवला की हे प्रमाण पार खाली यायचं. एकच. त्या दिवशी ती बोलली तेव्हा मी नुसतं 'हो, चौकट रिकामी होती' एवढं म्हणाले असते तरी ती एकटी उरली नसती.

शुक्रवार

सकाळच्या मीटिंगमध्ये पान टेबलावर ठेवलं. बोलताना आवाज थरथरत होता. म्हणाले, ही माझी सही, ही चौथी चौकट, ते पान तिच्याकडे गेलंच नव्हतं आणि मला तेव्हाही माहीत होतं. साच्याचंही सांगितलं.

खूप वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "आता जुनं कशाला उकरायचं?" दुसरा माझ्याकडे बघायचं टाळत होता. हवा कुठे वळतेय ते मला कळलं. आता बहुतेक माझं नाव येणार होतं. तेवढ्यात मांडणी करणाऱ्याने पान स्वतःकडे ओढलं, काळ्या शाईच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही माझी. मलाही माहीत होतं." सरांनी चष्मा काढला. पाचव्या चौकटीकडे बघत बसले. "साचा आज दुरुस्त करा," म्हणाले. आणि जरा वेळाने, "तिला मी पत्र लिहितो." लिहितील की नाही ठाऊक नाही. या वेळी खोली सैल झाली नाही. सगळे अवघडलेलेच उठले.

घरी येऊन तिला निरोप लिहिला. चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला. माफीची वाक्यं माझ्याविषयीच होत चालली होती. शेवटी पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'ते पान तुझ्याकडे आलं नव्हतं. आज सगळ्यांसमोर सांगितलं.'

तासाभराने उत्तर आलं.

'ताई, तुम्हाला हे त्या दिवशी माहीत होतं का?'

'हो' असं लिहिलं आणि पाठवलं.